कॅथलिक आहात आणि रजिस्टर लग्न केलंय (किंवा करायचंय)? चर्च त्याकडे कसं बघतं आणि पुढे काय करायचं

मुंबईत कॅथलिक पोरापोरींनी रजिस्टर लग्न करणं आता काही नवीन राहिलं नाही. कुणाला व्हिसासाठी घाईने सर्टिफिकेट लागतं, कुणाचा जोडीदार हिंदू नाहीतर मुसलमान आणि दोन्हीकडून विरोध, कुणाकडे चर्च, हॉल, बँड, सहाशे माणसांचं जेवण एवढ्या खर्चाला पैसे नसतात आणि भाड्याचं घर घ्यायला मालक सर्टिफिकेट मागतो. सही करून येतात, आणि मग सुरू होतं. मावशी म्हणते चर्चमधून नाव काढतील, शेजारची बाई म्हणते पोरांचा बाप्तिस्मा होणार नाही, एक काका म्हणतात काही फरक पडत नाही लग्न ते लग्न. हे तिघंही चुकतात, काका थोडे कमी चुकतात एवढंच.

चर्चचं म्हणणं नेमकं काय

कॅथलिक शिकवणीत लग्न फादर लावत नाहीत. लग्न होतं ते त्या दोघांच्या संमतीने, फादर ती संमती विचारतात आणि चर्चच्या वतीने ऐकून घेतात. मग कुणीही विचारेल की रजिस्ट्रारसमोर पण आम्ही संमतीच दिली ना, ती का चालत नाही? तर चर्चने कॅथलिक माणसासाठी ती संमती कुठे आणि कुणासमोर द्यायची हे ठरवून ठेवलंय. पॅरिश प्रीस्ट (तुमच्या भागातल्या चर्चचे, म्हणजे पॅरिशचे, मुख्य फादर), बिशप किंवा त्यांनी अधिकार दिलेला फादर किंवा डिकन (फादरच्या खालच्या पायरीचा धर्मसेवक), आणि सोबत दोन साक्षीदार. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, हा कॅनन (कलम) ११०८ आहे. (तुमचा चुलतभाऊ दुसऱ्या धर्मप्रांतात, म्हणजे दुसऱ्या बिशपच्या भागात, फादर असेल आणि तोच लग्न लावणार असेल तर त्याला पण तुमच्या पॅरिश प्रीस्टकडून तसा अधिकार घ्यावा लागतो, हे घरच्यांच्या लक्षातच येत नाही.)

हा नियम अगदी पहिल्या शतकापासूनचा नाहीये. आधी दोघांनी एकांतात एकमेकांना शब्द दिला तरी लग्न धरलं जायचं, आणि मग पुरुष सरळ हात वर करायचे की मी असं कधी म्हणालोच नाही, बाई पोटुशी आणि साक्षीदार कुणी नाही. हे थांबवायला १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने फादर आणि साक्षीदार सक्तीचे केले, पुढे १९०७ च्या फर्मानाने, म्हणजे १९०८ च्या ईस्टरपासून, तो नियम जवळपास सगळीकडे लागू झाला. मला विचाराल तर नियम आला तो फसवल्या जाणाऱ्या बाजूच्या भल्यासाठी, आज तो फॉर्म भरल्यासारखा वाटतो ही गोष्ट वेगळी.

तर कॅथलिक माणसाने चर्चची परवानगी न घेता नुसतं रजिस्टर लग्न केलं तर सरकारदरबारी ते शंभर टक्के लग्न, चर्चच्या दृष्टीने मात्र ठरलेली पद्धत पाळली नाही म्हणून ते ग्राह्य नाही. पण तुमचं प्रेम खोटं आहे किंवा तुम्ही कुणीतरी वाईट माणसं आहात असं चर्च कुठेच म्हणत नाही. तुमची संमती खरी होती हे तर पुढे फार कामाला येतं, ते खाली सांगतो.

पहिली पायरी: तुम्ही कुठल्या गटात बसता ते बघा

हे आधी नक्की करा, कारण दोन वेगळ्या गटांतली माणसं एकमेकांना सल्ले देतात आणि तिथेच सगळा घोळ होतो.

दोघांपैकी एक जरी कॅथलिक असेल तरी चर्चची पद्धत लागू होते. लहानपणी बाप्तिस्मा झाला आणि नंतर वीस वर्षं चर्चचं तोंड नाही बघितलं तरी लागूच. पूर्वी औपचारिकपणे चर्च सोडलेल्यांना यातून सूट होती, पण २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ती काढून टाकली.

दोघंही कॅथलिक नसतील तर गोष्टच वेगळी. दोन हिंदूंनी देवळात, हॉलमध्ये किंवा रजिस्ट्रारकडे केलेलं लग्न चर्च खरं लग्न मानतं. दोन प्रोटेस्टंटांनी कोर्टात केलेलं सुद्धा मानतं, आणि दोघांचा बाप्तिस्मा झालेला असल्यामुळे ते संस्कार (सॅक्रमेंट, चर्चचा पवित्र विधी) म्हणून सुद्धा धरतं. हे वाचून बऱ्याच जणांना धक्का बसतो, कॅथलिकांचं रजिस्टर लग्न धरत नाही आणि हिंदूंचं धरतं, हे कसं काय? कारण सोपं आहे, चर्चने पद्धतीचा नियम फक्त आपल्या माणसांवर घातलाय, दुसऱ्यांवर नाही.

कॅथलिक माणसाने परवानगी न घेता प्रोटेस्टंट चर्चमध्ये लग्न केलं तर ते पण रजिस्टर लग्नासारखंच, ग्राह्य नाही. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्यांच्या फादरसमोर झालं असेल (मुंबईत मल्याळी कुटुंबांत हे दिसतं) तर मात्र लग्न ग्राह्य धरतात, परवानगी घ्यायला हवी होती एवढंच. आणि तुम्ही सिरो-मलबार (केरळच्या परंपरेचे कॅथलिक) असाल तर तुमचा कारभार कल्याणच्या धर्मप्रांताकडे, तुमचा कॅनन लॉ पण थोडा वेगळा, तिथे नुसता डिकन लग्न लावू शकत नाही, फादरच लागतो. म्हणून तुमच्याच पॅरिशला विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालं होतं का? कुठल्याही पद्धतीचं, कुठल्याही धर्माचं. उत्तर हो असेल तर खालचा घटस्फोटाचा भाग आधी वाचा आणि मग परत वर या.

अजून लग्न केलं नसेल तर

तुम्ही नशीबवान आहात, कारण भारतात दोन लग्नं करायची गरजच नाही. फ्रान्स, जर्मनीसारख्या देशांत सरकारी लग्न वेगळं करावंच लागतं, आपल्याकडे चर्चमधलं लग्न १८७२ च्या इंडियन ख्रिश्चन मॅरेज अॅक्टखाली कायद्याने सुद्धा लग्न असतं, आणि दोघांपैकी एकच ख्रिस्ती असला तरी हा कायदा चालतो. मग महापालिकेत नोंदणी करून घेतली की व्हिसा, पासपोर्टची कामं होतात. त्यामुळे नुसत्या सर्टिफिकेटसाठी आधी कोर्टात जाणाऱ्यांना माझा सल्ला हाच की आधी फादरना भेटा, तारीख काढायच्या आणि हॉलला अॅडव्हान्स द्यायच्याही आधी.

फादर काय मागतील? बाप्तिस्म्याचं नवीन काढलेलं सर्टिफिकेट, सहसा सहा महिन्यांच्या आतलं. आईने कपाटात जपून ठेवलेलं लॅमिनेट केलेलं नको, कारण बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये तुमच्या नावापुढे लग्नाची नोंद होत असते आणि नव्या कॉपीवरून कळतं की आधी कुठे लग्न झालंय की नाही. तुमचा बाप्तिस्मा वसईत, गोव्यात नाहीतर मंगळुरूला झाला असेल तर तिकडच्या पॅरिशला वेळेत कळवा, कागद यायला वेळ लागतो. शिवाय कन्फर्मेशनचं सर्टिफिकेट, मॅरेज प्रिपरेशन कोर्स (मुंबई महाधर्मप्रांतात माहीमचं स्नेहालय हे काम करतं), तुम्ही दोघं लग्नाला मोकळे आहात याची चौकशी, आणि चर्चमध्ये बॅन्स, म्हणजे अमुक आणि तमुक लग्न करणार आहेत, कुणाला हरकत असेल तर सांगा ही घोषणा.

जोडीदार दुसऱ्या धर्माचा किंवा पंथाचा असेल तर बिशपची परवानगी लागते. प्रोटेस्टंट असेल तर ती साधी परवानगी, बाप्तिस्मा न झालेला असेल तर डिस्पेन्सेशन, म्हणजे नियमातून खास सूट, आणि ते नसेल तर चर्चमध्ये उभं राहून केलेलं लग्न सुद्धा ग्राह्य नाही. घाबरू नका, अर्ज फादरच पाठवतात. धर्म बदलायची अट नसते, हे मुद्दाम ठळक लिहितोय कारण यावरून मोडलेली लग्नं बघितली आहेत. अट असते ती कॅथलिक बाजूला: आपला विश्वास सोडणार नाही, आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायला आपल्याकडून जमेल तेवढं करीन, असं वचन द्यायचं. समोरच्याला हे वचन द्यावं लागत नाही, पण तुम्ही ते दिलंय हे त्याला माहीत असायला लागतं. आता इथे पोरं एक चलाखी करतात, फादरसमोर हो हो म्हणतात आणि घरी सासूला सांगतात बघू नंतर. तसं करू नका, पहिलं मूल झालं की बारसं की बाप्तिस्मा यावर घर डोक्यावर घेतलं जातं, त्यापेक्षा आत्ताच एक रविवार बसून बोला.

आणि हे फार कमी जणांना ठाऊक असतं. एक बाजू कॅथलिक नसेल आणि चर्चमध्ये लग्न करणं खरंच अवघड असेल, समजा मुलीच्या घरचे चर्चची पायरी चढायलाच तयार नाहीत, तर बिशप चर्चच्या पद्धतीतूनच सूट देऊ शकतात. ती आधी मिळाली असेल तर रजिस्ट्रारसमोरचं लग्नच चर्च ग्राह्य धरतं. आधी मिळाली असेल तर, सही झाल्यावर नाही. दोघंही कॅथलिक असतील तर मात्र ही सूट सहसा मिळत नाही, ते बिशपच्या हातातच नसतं.

अशा वेळी दोन्हीकडची कॅलेंडरं जुळवायला लागतात. १९५४ च्या स्पेशल मॅरेज अॅक्टखाली दोघांपैकी एक तरी ज्या जिल्ह्यात गेले ३० दिवस राहतोय तिथे नोटीस द्यायची (मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, कुर्ल्याला राहणाऱ्याने शहराच्या ऑफिसला खेटे घालू नयेत), नोटीस लागल्यावर परत ३० दिवस हरकतीसाठी थांबायचं, मग तीन साक्षीदार घेऊन सही, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून चर्चचा अर्ज नोटीस द्यायच्या आधी टाका. ती नोटीस ऑफिसच्या बोर्डावर सगळ्यांना दिसते, घरून लपवून करणाऱ्यांनी हे पण डोक्यात ठेवावं.

सकाळी चर्च आणि संध्याकाळी सप्तपदी असा प्लॅन असेल तर थांबा. त्याच लग्नाची संमती दुसऱ्या धार्मिक विधीत परत द्यायला कॅनन लॉ मनाई करतो, आधी पण नाही आणि नंतर पण नाही. हळद लावा, रिसेप्शनला नऊवारी नेसा, त्याला कुणाची ना नाही, फक्त लग्न लागायचं ते एकदाच.

रजिस्टर लग्न होऊन गेलं असेल तर आज तुमची परिस्थिती काय

तुम्ही चर्चच्या बाहेर नाही. नुसत्या रजिस्टर लग्नासाठी बहिष्कार वगैरे काही होत नाही, आताच्या कॅनन लॉमध्ये तशी शिक्षाच नाहीये. रविवारच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) या, नुसतं येऊ शकता असं नाही, यायलाच हवं. नोव्हेनाला जा, बांद्र्याच्या फेस्टला जा, कॉयरमध्ये गाण्याबद्दल फादरशी बोला.

कम्युनियन (मिस्सात देतात ती पवित्र भाकर) मात्र लग्न नीट होईपर्यंत घ्यायचं नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या पत्रात नुसतं सिव्हिल लग्न केलेल्या कॅथलिकांबद्दल वेगळा परिच्छेद लिहिला होता, त्यात ते म्हणतात की ही माणसं काहीच बंधन न घेता एकत्र राहणाऱ्यांसारखी नाहीत, त्यांनी एक जबाबदारी उचललेली आहे, तरीही संस्कार घेता येणार नाहीत, पुरोहितांनी त्यांना प्रेमाने लग्न नीट करायच्या वाटेवर आणावं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये त्याच धर्तीवर लिहिलं की बरेच जण चर्चवर राग म्हणून सिव्हिल लग्न करत नाहीत, परिस्थितीमुळे करतात. आपल्याकडे तर ते अगदीच खरं आहे.

मुलांचा बाप्तिस्मा होतो. मूल कॅथलिक म्हणून वाढेल अशी आशा फादरना दिसायला हवी एवढंच, आईबापाचं लग्न चर्चमध्ये झालं नाही या एका कारणावर दार बंद होत नाही. कायद्याने तर तुमची मुलं औरस आहेतच. दुसऱ्याच्या मुलाचे गॉडपेरंट व्हायला मात्र अडचण येते. आणि मयताचं काय, हे म्हातारे आईबाप हमखास विचारतात, तर नुसत्या रजिस्टर लग्नामुळे चर्चमधला अंत्यविधी नाकारत नाहीत.

नीट कसं करायचं: दोन रस्ते

पहिला रस्ता कॉन्व्हॅलिडेशन. लोक म्हणतात लग्नाला आशीर्वाद घेतला, पण तो नुसता आशीर्वाद नाही. तुम्ही फादर आणि दोन साक्षीदारांसमोर नव्याने संमती देता, त्या दिवसापासून चर्चच्या दृष्टीने लग्न सुरू. कागद वर सांगितले तेच, शिवाय रजिस्टर लग्नाचं सर्टिफिकेट. ते लपवू नका! पॅरिशच्या नोंदीत सरकारी लग्न आधी झालंय हे यायला हवं, नाहीतर हातात दोन तारखांची दोन सर्टिफिकेटं येतात आणि व्हिसाच्या खिडकीवर समजावत बसावं लागतं. सरकारसाठी तुमची लग्नाची तारीख रजिस्ट्रारकडचीच राहते.

मोठा समारंभ लागत नाही. शनिवारी संध्याकाळी साईड आल्टरसमोर चौघंजण उभे राहिलात तरी चालतं, साडी नेसून या, जीन्स घालून या. ज्यांना कॉलनीत चर्चा नको असते त्यांनी फादरना तसं सांगावं. माझं मत विचाराल तर ज्या जोडप्याला पाच वर्षं झालीत, एक पोर आहे, त्यांनी पुन्हा पांढरा गाऊन आणि पाचमजली केकच्या भानगडीत पडूच नये, त्या खर्चापायीच तर अर्धी लग्नं पुढे ढकलली जातात.

दुसरा रस्ता सॅनेशन, पूर्ण नावाने रॅडिकल सॅनेशन. जोडीदार दुसऱ्या धर्माचा आहे, चांगला आहे, संसार नीट चाललाय, पण तो म्हणतो माझं लग्न झालंय, मी पुन्हा कशाला फादरसमोर उभा राहू? अशा वेळी बिशप तुमची मूळची संमती तशीच धरून लग्न ग्राह्य करू शकतात. नवीन विधी नाही, नवीन शपथ नाही, आणि परिणाम मागच्या तारखेपासून धरला जातो. अट ही की दोघांची एकत्र राहायची इच्छा आजही टिकून हवी, म्हणजे संसार मोडायला आलाय आणि घाईने कागद करून टाकू असं चालत नाही. मुलांबद्दलचं वचन इथेही कॅथलिक बाजूने द्यायचंच. फादरनी हा पर्याय आपणहून काढला नाही तर तुम्ही काढा, नाव लक्षात ठेवा.

आधीचं लग्न आणि घटस्फोट: इथेच माणसं अडकतात

कॅथलिक माणसाचं आधी फक्त रजिस्टर लग्न झालं होतं, चर्चची कुठलीही सूट नव्हती, आणि आता कोर्टातून घटस्फोट झालाय. हे तुलनेने सोपं. ते लग्न पद्धतीअभावी ग्राह्य नव्हतंच, त्यामुळे ट्रिब्युनलची, म्हणजे चर्चच्या न्यायालयाची, मोठी केस लागत नाही. बाप्तिस्म्याचं सर्टिफिकेट, त्या लग्नाचं सर्टिफिकेट, घटस्फोटाचा हुकूम आणि नंतर कधी चर्चमध्ये ते लग्न नीट करून घेतलं नव्हतं याचा पुरावा दिला की लग्नापूर्वीच्या चौकशीतच काम होतं. तरी स्वतःच ठरवून मोकळे होऊ नका, तसा निर्णय कागदावर यायला लागतो.

आधीचं लग्न चर्चमध्ये झालं होतं, कोर्टाने घटस्फोट दिला आणि दुसरं लग्न रजिस्ट्रारकडे केलं. इथे चर्चच्या मते पहिलं लग्न अजून उभंच आहे. धर्मप्रांताच्या ट्रिब्युनलकडे अॅनलमेंटसाठी जायला लागतं, म्हणजे ते लग्न लागलं त्या दिवशीच त्यात काही मूलभूत उणीव होती का याची चौकशी. पूर्वी पहिला निकाल दुसऱ्या ट्रिब्युनलने पक्का करायला लागायचा, पोप फ्रान्सिस यांनी ती सक्ती डिसेंबर २०१५ पासून काढली, तेवढा वेळ वाचला.

तिसरा प्रकार सगळ्यात चकवणारा. तुम्ही कॅथलिक, कधीच लग्न न झालेले, आणि जोडीदार घटस्फोटित हिंदू. तुम्हाला वाटतं तिचं आधीचं लग्न हिंदू पद्धतीचं, चर्चला त्याच्याशी काय? पण वर सांगितलं ना, दोन हिंदूंचं लग्न चर्च खरं मानतं, म्हणून ती चर्चच्या दृष्टीने अजून विवाहित. यावर उपाय आहेत, ते लग्न मुळात ग्राह्य नव्हतं हे सिद्ध होऊ शकतं, किंवा बाप्तिस्मा न झालेल्यांच्या लग्नाबाबत काही खास परवानग्या आहेत, त्यातली काही प्रकरणं थेट रोमला जातात. वेळ लागतो. हॉल बुक करून मग हे कळलेली जोडपी रडतात हो.

आणि याच्या उलटं पण लक्षात ठेवा. चर्चने अॅनलमेंट दिलं म्हणून कायद्याने तुम्ही मोकळे होत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच हे स्पष्ट केलं आणि २०१७ मध्ये यावरची याचिका पुन्हा फेटाळली. कोर्टाचा हुकूम नसताना दुसरं लग्न केलं तर तो द्विविवाहाचा गुन्हा. दोन्ही कागद लागतात.

गोव्याच्या मंडळींसाठी एक ओळ. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या सिव्हिल कोडमुळे आधी रजिस्ट्रारकडे सही होते, पण चर्चमध्ये लग्न होईपर्यंत घरचे पोरापोरीला एकत्र राहू देत नाहीत. मुंबईतल्या गोवेकरांनी तिकडे सही केली असेल तर ते कागद फादरना दाखवा.

फादरना भेटायला जाताना

तुम्ही सध्या जिथे राहता त्या पॅरिशला जा, जिथे वाढलात तिथेच जायला पाहिजे असं नाही. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात गाठू नका, तेव्हा त्यांच्याभोवती वीस माणसं असतात, पॅरिश ऑफिसला फोन करून संध्याकाळची वेळ घ्या. बोलायचं एवढंच: आमचं रजिस्टर लग्न अमुक साली झालंय, दोघांपैकी कोण कॅथलिक, आधी कुणाचं लग्न झालं होतं का, आणि आम्हाला ते चर्चमध्ये नीट करायचंय. तिसरी गोष्ट लपवली तर सगळे कागद पुढे जाऊन परत येतात. एखाद्या फादरनी तोंड वाकडं केलं, तसेही असतात, तर शेजारच्या पॅरिशच्या फादरशी बोला किंवा कुलाब्याच्या आर्चबिशप्स हाऊसमधून माहिती घ्या, वसई-विरारवाल्यांचा धर्मप्रांत १९९८ पासून वेगळा आहे त्यांनी तिकडे विचारा. जोडीदाराला पहिल्याच भेटीत सोबत न्या, आणि सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून ओरिजिनल हातात ठेवा, ऑफिसमध्ये ओरिजिनल बघायला मागतात पण ठेवून घ्यायची गरज नसते.